‘हल्ली मुक्काम कुठे?’ एवढं विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका भारतीय जोडप्याची याचिका फेटाळली, तेव्हापासून हे पत्र लिहायचं मनात घोळतंय. बहिणीचा मुलगा, अमेरिकेत जन्मलेला, काही महिन्यांचा असताना इकडे आणलेला आणि या जोडप्याच्याच घरात वाढणारा. त्यांना तो रीतसर दत्तक घ्यायचा होता. न्यायालयाने सांगितलं की मूल अमेरिकेचं नागरिक आहे, ते काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक नाही की विधिसंघर्षग्रस्तही (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं) नाही; तेव्हा आपल्या बाल न्याय कायद्यात या दत्तकाला जागा नाही. आधी अमेरिकेच्या कायद्याने दत्तक पूर्ण करा, मग पुढची प्रक्रिया इकडे. त्यावर माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची प्रतिक्रिया एकच होती: घरातलं मूल घरात राहिलं, यात अमेरिका कुठून आली?

तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. पण आमच्या घरात उलट्या दिशेचं प्रकरण झालं, आणि ते नेमकं कोणत्या टेबलावर चुकलं ते मी शेजारच्या खुर्चीत बसून पाहिलं आहे.

आधी माझा धंदा सांगते. गेली 27 वर्षं मी पुण्यात जर्मन, मराठी आणि इंग्रजी कागदपत्रांची भाषांतरं करते. जन्मदाखले, लग्नाचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले. एका जन्मदाखल्याला वीस मिनिटं लागतात, त्यातली दहा पासपोर्टवरच्या स्पेलिंगशी नावं ताडण्यात जातात. येणाऱ्यांचा ठाम समज असतो की मंत्रालयाचा शिक्का आणि त्यावर परराष्ट्र खात्याचं अपोस्टिलचं स्टिकर लागलं की कागद जगात कुठेही चालतो. अपोस्टिल फक्त एवढंच सांगतं की खालची सही आणि शिक्का खऱ्या अधिकाऱ्याचा आहे. वर ‘आईचे नाव’ म्हणून जी बाई लिहिली आहे ती तिकडच्या कायद्याने आई ठरते का, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. शिवाय भारत 2005 मध्ये अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली, त्यामुळे जर्मनीला जाणाऱ्या कागदांना त्या स्टिकरचा उपयोग नाही. त्याऐवजी इथली मूळ नोंदवही पाहायला वकील नेमला जातो. तो तालुक्याला जातो, रजिस्टर उघडायला लावतो, कधी शेजारीपाजारी चौकशीही करतो. हे सगळं मी गिऱ्हाइकांना शेकडो वेळा सांगितलंय. घरच्यांना सांगायची वेळ आली तेव्हा मात्र गप्प बसले.

माझी पुतणी आणि तिचा नवरा अकरा वर्षं स्टुटगार्टजवळ राहतात. मूल नाही. जावईबापूंचा धाकटा भाऊ सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शेती आणि कोंबड्यांची शेड सांभाळतो. त्याला दोन मुली. धाकटी तीन वर्षांची झाली तेव्हा घरात ठरलं की ही थोरल्याला द्यायची. आपल्याकडे यात नवल काही नाही. माझ्या आजीने स्वतःचा तिसरा मुलगा जावेच्या ओटीत घातला होता, आणि त्या काकांचं जनक घर कोणतं हे आम्हाला मोठं होईपर्यंत कोणी सांगितलंही नव्हतं.

मे 2023 मध्ये विधी झाला. गुरुजींनी होम केला, पण हिंदू दत्तक कायद्याला, म्हणजे 1956 च्या कायद्याच्या कलम 11 ला, होमाची गरज नाही. त्याला लागतं ते प्रत्यक्ष देणं आणि घेणं. ते मी डोळ्यांनी पाहिलं. धाकट्या जावेने मुलीला मांडीवरून उचललं आणि थोरलीच्या ओटीत बसवलं. मुलीच्या हातात अर्धा खाल्लेला पेढा होता, तो पुतणीच्या साडीच्या काठाला लागला. सगळे हसले. देणारी उठून आत गेली, आणि मग स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ वाहत होता.

दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकांकडे. फोटो, अंगठे, साक्षीदारांची ओळखपत्रं. मुलगी सारखी वर पंख्याकडे बघत होती आणि ऑपरेटर “बाळा, इकडं बघ, इकडं” करत होता. दत्तकपत्र वकिलांनी करून आणलेलं. कच्च्या मसुद्यात घेणाऱ्यांच्या नावापुढे ‘हल्ली मुक्काम स्टुटगार्ट, जर्मनी’ असं होतं. वकिलांनी ते खोडून गावचं घर टाकलं. म्हणाले, “आधारवर आहे तोच पत्ता राहू दे. उगाच फाटे फुटतात.” मी हे ऐकलं. मला वाटलं, वकील आहेत, त्यांना ठाऊक असेल. तेवढ्यात चहा आला.

सगळं त्या खोडलेल्या चार शब्दांवर होतं. आंतरदेशीय दत्तकाचा 1993 चा हेग करार माणसाचं नागरिकत्व विचारत नाही, तो राहतो कुठे ते विचारतो. मूल एका देशात, घेणारे दुसऱ्या देशात, दोन्ही देश करारातले, की झालं ते दत्तक आंतरदेशीय. मग घेणारा सख्खा काका असो आणि सगळ्यांचे पासपोर्ट भारताचे असोत. भारताने हा करार 2003 मध्ये स्वीकारला. आपल्या 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 56 एकीकडे म्हणतं की हिंदू दत्तक कायद्याखालच्या दत्तकाला हा कायदा लागू नाही, आणि लगेच पुढच्या पोटकलमात म्हणतं की आंतरदेशीय दत्तक मात्र फक्त याच कायद्याने. कलम 60 तर खास नातेवाइकांसाठीच आहे: परदेशातल्या नातलगाने आधी इथला आदेश घ्यायचा, मग ‘कारा’ या केंद्रीय यंत्रणेचं ना-हरकत प्रमाणपत्र. पूर्वी हा आदेश न्यायालय देत असे, सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकारी देतात. दोन्ही देशांच्या यंत्रणांनी आधी होकार द्यायचा असतो, म्हणजे तिकडे पुतणीच्या घरी सामाजिक कार्यकर्ती येऊन पाहणी करणार, मग पुढचं. शेवटी हाती येतं ते कराराच्या कलम 23 चं प्रमाणपत्र, आणि ते असलं की करारातल्या बाकी देशांना ते दत्तक मानावंच लागतं. वाट अशी आखलेली होती, आणि लांबची असली तरी चालता येण्यासारखी होती. आम्ही ती सोडून बांधावरून गेलो.

मग दत्तकपत्राचं जर्मन भाषांतर अर्थात माझ्याकडेच आलं. मथळ्यालाच अडले. ‘दत्तकपत्र’ याला जर्मनमध्ये काय म्हणायचं? न्यायालयाचा आदेश असता तर ‘बेश्लुस’ लिहिलं असतं. हा दोन कुटुंबांनी आपसांत केलेला आणि नोंदवलेला दस्त. त्याला शब्द ‘फेरट्राग’, म्हणजे करार. जागा भाड्याने देताना करतात त्यालाही फेरट्रागच म्हणतात. खोटं भाषांतर करता येत नाही. माझ्या हाताने मी तो शब्द टाइप केला आणि तेव्हाच पोटात गोळा आला, कारण हा शब्द तिकडच्या फाइलीत गेला की पुढे काय होतं ते मी दुसऱ्यांच्या कागदांवर पाहिलेलं होतं.

2024 मध्ये मुलीचा व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं. अडीच पानं. तेही मीच मराठीत करून घरच्यांना वाचून दाखवलं. मजकूर सरळ होता. हे दत्तक कोणत्याही न्यायालयाच्या किंवा अधिकाऱ्याच्या निर्णयाने झालेलं नाही; अधिकृत यंत्रणेची मध्यस्थी नाही; आणि मुलीच्या हिताची तपासणी कोणीही केलेली नाही. जर्मनीने एप्रिल 2021 पासून असं यंत्रणेविना केलेलं परदेशी दत्तक बंदच केलं आहे. आमच्याकडे आरडाओरडा झाला. “हिताची तपासणी? आमच्या मुलीच्या हिताची तपासणी परके करणार?” मला मात्र त्या तिसऱ्या मुद्द्यावर बोलायला काही सापडेना. खरंच कोणी केली होती? आम्ही पेढे वाटले होते. मुलं विकली जातात, खोट्या दत्तकाच्या नावाखाली बाहेर नेली जातात, म्हणून तर हे सगळं उभं राहिलं. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकासाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वं घातली ती लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी न्यायालयाला लिहिलेल्या एका पत्रावरून. त्यामुळे व्हिसा नाकारणाऱ्यांना मी दोष देत नाही.

आता मुलीची स्थिती पाहा. भारतीय कायद्याने तिचे आईवडील स्टुटगार्टला आहेत. हिंदू दत्तक कायद्याच्या कलम 12 प्रमाणे दत्तक झाल्या दिवसापासून जनक घराशी नातं तुटलं. कलम 15 प्रमाणे वैध दत्तक रद्द करता येत नाही. जर्मन कायद्याने ते दोघे तिचे कोणी नाहीत, काका-काकू फार तर. जर्मन कायदेपंडितांकडे याला एक शब्द आहे, ‘हिंकेंड’. लंगडणारं नातं. एका देशात पाय टेकतो, दुसऱ्यात टेकत नाही.

आणि घरात? दत्तकाच्या दिवशी मुलीला शिकवलं होतं की ही आता तुझी काकू. लहान मूल, आठवड्यात शिकलं. ती अजून त्याच घरात राहते, त्याच आईच्या हातचं जेवते, तिच्याच कुशीत झोपते, आणि तिला “काकू, माझी वेणी घाल” म्हणते. थोरली सख्खी बहीण त्याच बाईला आई म्हणते. संध्याकाळी साडेसात वाजता फोनच्या पडद्यावर जे दोघे दिसतात ते आई-बाबा. ती आता पहिलीत आहे. परवा तिने बहिणीला विचारलं, “तुझी आई घरात कशी काय असते?”

घरात आजोबा आहेत, निवृत्त इतिहासशिक्षक. त्यांना यात वेगळंच दिसतं. ते म्हणतात, साताऱ्याला हे नवीन नाही. 1848 मध्ये अप्पासाहेब महाराज गेले, जाण्याआधी त्यांनी दत्तक घेतला होता, आणि डलहौसीने तो अमान्य करून सातारा खालसा केलं. कंपनीचं म्हणणं असायचं की दत्तक तुमच्या शास्त्राप्रमाणे असेल, खासगी मालमत्तेपुरता चालेल, गादीला नाही चालायचा. “म्हणजे वाड्यात मुलगा आणि दरबारात नाही. आपली पोरगी ओसरीवर मुलगी आणि विमानतळावर नाही.” मी त्यांना म्हटलं, आजोबा, डलहौसीला राज्य हवं होतं, या लोकांना काही नकोय. ते म्हणाले, “म्हणून तर जास्त अवघड.”

हा प्रश्न फक्त दत्तकाचा नाही, म्हणून थोडं विषयांतर. जर्मन नागरी संहितेच्या कलम 1591 मध्ये एकच वाक्य आहे: मुलाची आई म्हणजे जिने त्याला जन्म दिला ती. माझ्या आयुष्यातलं भाषांतराला सगळ्यांत सोपं वाक्य. सरोगसी तिथे चालत नाही. तरी तिथली जोडपी बाहेर जातात आणि मूल घेऊन परततात, आणि तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे ही प्रकरणं येतात. 2014 मध्ये कॅलिफोर्नियातलं एक बाळ होतं, तिथल्या न्यायालयाने पालक कोण ते ठरवून दिलेलं. जर्मनीने तो निकाल मानला. 2019 मध्ये युक्रेनमधलं होतं. त्यात बाळ जनुकीयदृष्ट्या त्या जोडप्याचंच, पण हाती फक्त तिथल्या निबंधकाची नोंद आणि दाखला. जर्मन न्यायालय म्हणालं की नोंद म्हणजे निर्णय नव्हे; मग आमचा कायदा लागेल, आणि त्याने आई म्हणजे जन्म देणारी. जिचं बीज तिने आता स्वतःचं मूल दत्तक घ्यावं. लक्षात घ्या, फरक बाळांत नव्हता, कागदांत होता. एकाकडे बेश्लुस होता, दुसऱ्याकडे नव्हता.

आपल्या गुजरातमधल्या आणंदला 2008 मध्ये हेच झालं होतं. जपानी बाप, भारतीय सरोगेट, आणि बाळ जन्मायच्या आधीच जपानी जोडप्याचा घटस्फोट. आई म्हणून दाखल्यावर कोणाचं नाव घालायचं हेच कळेना. जपानहून आजी आली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी त्या मुलीला पासपोर्टऐवजी एक ओळखपत्रवजा प्रवासी कागद मिळाला. त्याच वर्षी तिथेच जन्मलेली एका जर्मन बापाची जुळी मुलं 2010 पर्यंत अडकली. गुजरात उच्च न्यायालय म्हणालं की जन्म देणारी भारतीय, म्हणून मुलं भारतीय. जर्मनी म्हणालं की आमच्याकडे सरोगसीच नाही. अखेर दत्तकाच्या मार्गाने ती गेली. 2015 च्या अखेरीस परदेशी लोकांसाठी आपण ते दार बंद केलं. पण जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या सरोगसी कायद्यात एक शहाणपणाची गोष्ट आहे, तिच्याकडे फार कोणी पाहत नाही: मूल जन्मायच्या आधी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांकडून पालकत्वाचा आणि ताब्याचा आदेश घ्यावा लागतो. म्हणजे नोंदीच्या मागे निर्णय हवा हे दिल्लीला एका कायद्यात कळलेलं आहे.

हेगला आंतरराष्ट्रीय खासगी कायद्याची परिषद आहे, भारत 2008 पासून तिचा सदस्य. तिथे 2023 पासून पालकत्वाच्या मान्यतेवर एक कार्यगट काम करतो आहे. युरोपीय आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये प्रस्ताव मांडला की एका सदस्य देशात ठरलेलं पालकत्व बाकी सगळ्यांनी मानावं, त्यासाठी एक युरोपीय पालकत्व-प्रमाणपत्र असावं. त्याला सर्व देशांचं एकमत लागतं, त्यामुळे घाईने काही होईल अशी आशा नको. आमच्या पहिलीतल्या मुलीला त्याचा उपयोग होईल असं मला वाटत नाही.

म्हणून माझं मागणं हेगकडे नाही, तालुक्याच्या गावाकडे आहे. दत्तकपत्र नोंदवताना दुय्यम निबंधकांनी दत्तक घेणाऱ्यांना एक प्रश्न विचारावा: हल्ली मुक्काम कुठे? उत्तर भारताबाहेरचं आलं, तर दस्त पुढे सरकवण्याआधी एक छापील चिठ्ठी हाती द्यावी, मराठीत, चार ओळींची: तुमचं दत्तक आंतरदेशीय आहे, बाल न्याय कायद्याचं कलम 60 वाचा, आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, या दस्तावर मूल परदेशात नेता येणार नाही. नोंदणी नाकारा असं मी म्हणत नाही. तो अधिकार असावा की नसावा यावर वकील भांडोत. पण भिंतीवर मुद्रांक शुल्काचे दर लागतात, दलालांपासून सावधचा फलक लागतो, तिथे हा एक कागद लावायला काय हरकत आहे? साताऱ्या-सांगलीच्या गावागावांतून आज कोणी ना कोणी जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिकेत आहे. भाऊ-भावजयीने मूल देण्याची रीत अजून आहे. हे दोन्ही एकाच घरात आले की काय होतं ते सांगणारा माणूस त्या क्षणी टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो, फक्त त्याच्या फॉर्मवर तो रकाना नाही. आणि ज्यांना मदत म्हणून बोलावलं जातं ते वकील, आणि माझ्यासारखे भाषांतरकार, चहा पीत असतात.

आमचं काय चाललंय म्हणाल, तर सगळं पहिल्यापासून, या वेळी रस्त्याने. त्यातली गंमत अशी की जिल्ह्याच्या कचेरीतल्या लिपिकांनी रास्त शंका काढली: मुलगी कागदोपत्री आधीच त्यांची आहे, मग ती त्यांनी पुन्हा दत्तक कशी घ्यायची? आणि देण्याची संमती कोणी द्यायची? जनक आईवडिलांचा हक्क तर 2023 मध्येच संपला. यावर पुण्यातल्या एका ज्येष्ठ वकीलबाई विचार करताहेत. त्यांनी आतापर्यंत दोनदा “पाहते” म्हटलं आहे.

चिठ्ठीच्या चार ओळींचा मसुदा मी पुण्यात नोंदणी महानिरीक्षकांच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिला. आवक क्रमांक मिळाला आहे.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे

ता. क. मुलीसाठी माझं, गावाचं आणि घरच्यांचं नाव छापू नये. जर्मनीतल्या यंत्रणेकडून घरपाहणीचा फॉर्म आला आहे, तो सध्या माझ्या टेबलावर आहे. बाकी भरून झाला. ‘मूल सध्या ज्या स्त्रीकडे राहते तिचे मुलाशी नाते’ हा रकाना तेवढा राहिला आहे. पेन्सिलीने दोन शब्द लिहून ठेवलेत, त्यातला एक खोडायचा आहे.